जनरल रजिस्टरमधील १ जून

२०२२ च्या मे महिन्यात, निकालाची कामे आटोपून मी शाळा सोडल्याचे दाखले लिहीत बसलो होतो, तेव्हा एक बाई कार्यालयाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आत या म्हणून दोनदा सांगितले तरी उंबऱ्याबाहेरच थांबल्या. सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या ज्या गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेचा मुख्याध्यापक होतो, तिथे त्यांचे कुटुंब जत भागातून ऊसतोडीला येऊन पुढे कायमचे राहिले होते, आणि त्यांचा थोरला मुलगा पहिलीपासून सातवीपर्यंत माझ्याच शाळेत शिकला होता. "गुरुजी, पोराला धरून नेलंय. कागदावर एकोणीस वय लिवलंय म्हणत्यात. त्यो एकोणीसचा न्हाई, एवढं लिवून द्या," इतकेच त्या बोलल्या. वकिलाकडच्या कारकुनाने शाळेचा दाखला आणायला सांगितले म्हणून त्या आल्या होत्या. दाखल्याने नेमके काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी मलाही पुरते ठाऊक नव्हते.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट नोंदवतो. या लेखात मुलाचे, गावाचे किंवा पोलीस ठाण्याचे नाव नाही. आरोप असलेल्या मुलाची ओळख उघड करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई केली आहे. त्या मुलाला विचारूनच मी हे लिहीत असलो तरी ती मनाई पाळणे मला आवश्यक वाटते.

उन्हाळ्यात नदीकाठच्या मोटारींच्या केबल चोरीला जाणे हा आमच्या भागातील शेतकऱ्यांचा जुना त्रास आहे. रात्री केबल तोडायची, ओढ्यात किंवा बंद पडलेल्या वीटभट्टीच्या आडोशाला नेऊन जाळायची आणि आतली तांब्याची तार भंगारात घालायची, असा तो धंदा असतो. शेतकऱ्याचे नुकसान केबलच्या किमतीपुरते राहत नाही, कारण नवी केबल पडून मोटार सुरू होईपर्यंत उसाला पाणी मिळत नाही, आणि मे महिन्यात आठ-दहा दिवस पाणी चुकले की लागण डोळ्यांदेखत करपते. मी शेतकऱ्याच्या घरातला आहे, त्यामुळे त्या संतापाशी माझे काही भांडण नाही. या मुलाला तिशी ओलांडलेल्या दोन माणसांनी बॅटरी धरायला आणि पोते उचलायला सोबत नेले होते, आणि एका रात्रीचे पाचशे रुपये कबूल केले होते. तो गेलाच नव्हता असे मी म्हणत नाही. तो गेला होता, आणि ते त्याने माझ्यासमोर कबूल केले.

दाखला लिहिण्यासाठी मी जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, काढले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा, आमच्या शाळेच्या खिडक्या पाण्याखाली होत्या. पाणी गावात शिरायच्या आदल्या रात्री दोन शिक्षक आणि मी अशा तिघांनी रजिस्टरे खताच्या मोकळ्या पोत्यांत भरून एका घराच्या माडीवर नेऊन ठेवली होती, तरी एक पोते तळाशी भिजलेच. त्यामुळे २००९ सालच्या पानांवर खालच्या बाजूला पाण्याची पिवळट रेघ उमटली आहे आणि तिच्याखालची शाई पसरून नुसते निळे डाग उरले आहेत. या मुलाची नोंद त्या रेघेच्या अगदी वरच्या ओळीत होती. जन्मतारीख अंकी १ जून २००४, अक्षरी एक जून दोन हजार चार. अक्षर माझेच होते.

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळेत काम केलेल्या कोणालाही या तारखेचे नवल वाटणार नाही. जन्माची कुठेच नोंद नसलेले मूल जूनमध्ये शाळेत आले, की पहिलीच्या प्रवेशासाठी पाच वर्षे पूर्ण दिसावीत म्हणून गुरुजी पाच वर्षे मागे मोजून १ जून ही तारीख टाकत असत. माझी स्वतःची जन्मतारीखही १ जूनच आहे आणि तिच्याच हिशेबाने मी २०२३ साली ३१ मे रोजी निवृत्त झालो. त्या दुपारी मी त्या माउलींना विचारले, की पोर खरे कधी जन्माला आले. त्या म्हणाल्या, थंडीत, कारखान्याची धुराडी पेटल्यावर, फडाजवळच्या कोपीत. म्हणजे जून २००९ मध्ये तो जेमतेम साडेचार वर्षांचा होता, आणि वर्गात बसता यावे म्हणून मी त्याला अर्ध्या वर्षाने मोठा केला होता. चोरी झाली ९ मे २०२२ च्या रात्री. माझ्या अक्षरातील तारखेप्रमाणे त्या रात्री त्याचे वय सतरा वर्षे, अकरा महिने आणि आठ दिवस होते. तेवीस दिवसांनी तीच चोरी झाली असती, तर चांगल्या हेतूने लिहिलेल्या माझ्या त्या एका ओळीने त्याला सज्ञान आरोपींच्या रांगेत बसवले असते, आणि आईच्या तोंडच्या थंडीला आणि धुराड्यांना कोणी पुरावा मानले नसते.

कायद्याने वयाच्या पुराव्याची उतरंड ठरवून दिलेली आहे. कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहायचे, ते नसेल तर नगरपालिका अथवा ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच हाडांच्या वाढीवरून वय ठरवणारी वैद्यकीय तपासणी करायची. ही तपासणी किती ढोबळ असते हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच सांगितले आहे. तिच्यात दोन्ही बाजूंना दोन-दोन वर्षांचा फरक पडू शकतो. सतरा आणि अठरा यांच्यामध्ये तुरुंग उभा असताना दोन वर्षांचा फरक म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पुराची रेघ पानावर बोटभर वर चढली असती, तर या मुलाला त्याच तपासणीला पाठवावे लागले असते. वय मोजायचे ते गुन्ह्याच्या दिवशीचे, पकडल्याच्या किंवा हजर केल्याच्या दिवशीचे नाही, हे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने निश्चित केले, आणि आपण तेव्हा अल्पवयीन होतो हा दावा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर, अगदी निकाल लागून गेल्यावरही करता येतो.

आता प्रत्यक्षात काय झाले ते सांगतो. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ म्हणतो, की मुलाला पकडल्याबरोबर बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यावे, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे आणि कोणत्याही परिस्थितीत त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवू नये. बेडी घालू नये, असे नियमांतही लिहिले आहे. हा मुलगा अंगाने थोराड आहे, उन्हात काम करून रापलेला आहे, आणि मिसरूडही फुटलेले आहे. ज्या पोलीस ठाण्यात त्याला नेले तिथे कोणीतरी त्याच्याकडे पाहिले आणि एकोणीस असे लिहिले. शाळा कोणती, असे कोणी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी न्यायालयात उभे केले तेव्हा कागदावर एकोणीस होते आणि मुलाने तोंड उघडले नाही, कारण आपले वय ही उच्चारण्यासारखी गोष्ट आहे हेच त्याला माहीत नव्हते. आई दाखला घेऊन पोहोचेपर्यंत तो चार रात्री त्या दोघा प्रौढांसोबत कोठडीत होता. त्या चार रात्रींत त्या दोघांनी त्याला काय सांगितले, ते त्याने मला पुढे कित्येक महिन्यांनी सांगितले: सगळे तूच केलेस असे म्हण, तू लहान आहेस, तुला काही होणार नाही.

आणखी एक गोष्ट त्याच दिवसांत घडली आणि ती आजही पुसली गेलेली नाही. टेबलावर तांब्याच्या तारेची भेंडोळी मांडलेली, मागे पोलीस आणि मध्ये तिघे आरोपी, असा एक फोटो तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरला. मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, पण वय एकोणीस असल्याच्या समजुतीने तो फोटो पुढे गेला आणि वय सतरा निघाल्यावर तो परत बोलावता आला नाही. कायदा अशा मुलाला विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतो. शब्द लांबलचक आहे, पण आरोपी आणि गुन्हेगार हे शब्द टाळण्यासाठी विचारपूर्वक घडवलेला आहे, आणि मुलाला कलंक लागेल अशी भाषा वापरू नये हे तर कायद्याच्या मूलतत्त्वांपैकीच एक आहे. गावात मात्र त्याला केबल म्हणून हाक मारू लागले. लहान मुलेसुद्धा.

मंडळापुढे जनरल रजिस्टर घेऊन मला जावे लागले. मूळ रजिस्टर शाळेबाहेर नेताना छातीत धडधडते, म्हणून ते टॉवेलमध्ये गुंडाळून एस.टी.त मांडीवर घेऊन बसलो. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात आणि त्या दोघांपैकी किमान एक स्त्री असावी लागते. आमच्याकडे आया अजूनही मुलांना "रिमांड होमात टाकीन" म्हणून दटावतात, त्यामुळे मनात काहीतरी अंधारे चित्र होते. प्रत्यक्षात साधी खोली होती, टेबलापलीकडे तिघे बसले होते, आणि त्यांच्यातील बाईंनी त्या मुलाला पहिला प्रश्न विचारला तो, जेवलास का, असा. तो रडू लागला. चार-पाच दिवसांत त्याला तो प्रश्न कोणीच विचारला नव्हता. रजिस्टरचे पान उलगडून मी माझे अक्षर ओळखले, तारीख कशी पडली तेही लपवले नाही, आणि मंडळाने नोंद ग्राह्य धरली. त्याच दिवशी आईच्या हमीपत्रावर त्याला घरी सोडले. जामीन हा या कायद्यात नियम आहे. मूल बाहेर सोडले तर त्याची नामचीन गुन्हेगारांशी गाठ पडेल, त्याला शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल असे दिसले, तरच तो नाकारता येतो, आणि नाकारण्याची कारणे लिहावी लागतात.

त्यानंतर परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी गावात आले. मूल पहिल्यांदा मंडळापुढे आल्यापासून पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो, त्यासाठी ते मुलाच्या पत्र्याच्या घरी जाऊन बसले, आईबापांशी बोलले, शेजारी विचारले आणि शेवटी शाळेत आले. त्यांच्या नमुन्यात शाळा सोडण्याचे कारण असा एक रकाना होता. त्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि या सर्व प्रकरणात मला सर्वांत जड गेलेला प्रश्न तोच होता. सातवीनंतर हायस्कूल शेजारच्या गावात, हंगामात आईबाप पहाटे फडावर, धाकट्या भावंडांना सांभाळायला हाच. तो नववीत गळणार हे सातवीच्या निरोप समारंभातच मला दिसत होते, आणि मी त्याच्या हातात गुलाबाचे फूल देऊन पुढच्या वर्षाच्या पटाच्या कामाला लागलो. अधिकाऱ्यांनी कारण लिहिले: घरची परिस्थिती. मी ते खोडायला सांगितले नाही, पण ते अपुरे होते.

मोठ्या माणसांच्या खटल्यात न्यायालय मुख्यतः काय घडले ते पाहते. मुलाच्या चौकशीत कोण आहे आणि कुठून आला हेही तितकेच पाहायचे, ही कल्पना आपल्याकडे काल-परवाची नाही. मुंबई इलाख्यात मुलांसाठीचा पहिला कायदा १९२४ सालचा आहे. तरीही स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे मुले मोठ्यांच्या तुरुंगांत सापडत राहिली. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि १९८६ साली देशभरासाठी एकच बाल न्याय कायदा झाला. त्यात मुलग्यांसाठी वयाची मर्यादा सोळा आणि मुलींसाठी अठरा होती. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात सहभागी होऊन तो मान्य केला आणि २००० च्या कायद्याने दोघांसाठी अठरा ही एकच रेषा आखली.

ती रेषा डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर हलली. सहा आरोपींपैकी एक अठरा वर्षांखालील होता, त्याला कायद्याप्रमाणे कमाल तीन वर्षे विशेष गृहात ठेवण्यात आले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये तो सुटला त्याच सुमारास राज्यसभेने नवा कायदा संमत केला. त्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी एक दार उघडले. ज्या अपराधाला किमान सात वर्षे किंवा अधिक शिक्षा आहे अशा अतिगंभीर अपराधात मंडळाने तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यमापन करायचे, अपराध करण्याची मुलाची शारीरिक व मानसिक क्षमता होती का, परिणाम त्याला कळत होते का आणि तो कोणत्या परिस्थितीत केला हे पाहायचे, आणि वाटल्यास प्रकरण बाल न्यायालयाकडे प्रौढाप्रमाणे चालवण्यासाठी पाठवायचे. तिथेही फाशी देता येत नाही, आणि सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेपही देता येत नाही.

मी चौतीस वर्षे शिकवले आहे. एका मुलाला चार वर्षे रोज वर्गात पाहिल्यानंतरही त्याला एखाद्या गोष्टीचे परिणाम कळले होते का, हे मी छातीठोकपणे सांगू शकलो नसतो. सतराव्या वर्षी परिणाम ठाऊक असतात, तोंडपाठ असतात, पण दोन मित्र शेजारी उभे राहिले की ते हाताशी येत नाहीत. म्हणून हे मूल्यमापन दोन-तीन भेटींत करण्याचे काम मला फार धोक्याचे वाटते. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे काम नाजूक असल्याचे सांगून, मंडळात बालमानसशास्त्र जाणणारा सदस्य नसेल तर तज्ज्ञांची मदत घेतलीच पाहिजे, असे म्हटले. मोठ्या शहरांबाहेर असे तज्ज्ञ वेळेवर मिळणे किती कठीण असते, हे ज्यांनी आपल्या मुलासाठी एखादा समुपदेशक शोधला आहे त्यांना माहीत आहे.

मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगरच्या अपघातानंतर आमच्या गावातील पारावरही हाच विषय होता. सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले, त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. लोकांचा राग मी समजू शकतो, तो माझाही होता. पण पुढे जे बाहेर आले ते पाहा. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, वडीलधाऱ्यांना अटक झाली. म्हणजे ज्यांच्यावर कायदा वाकवल्याचा आरोप आहे ते सर्व प्रौढ होते. राग मात्र अठराच्या रेषेवर निघाला आणि पारावरची माणसे म्हणू लागली, की ही सवलतच काढून टाका. ज्या कलमात किमान शिक्षाच सांगितलेली नाही तो अपराध अतिगंभीर गटात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले होते, आणि जुलै २०२५ मध्ये मंडळाने त्या मुलाला प्रौढ मानण्याची पोलिसांची मागणी फेटाळली. मी पारावर एवढेच म्हणालो, की ही सवलत काढली तर त्या गाडीच्या घरचे वकील काही ना काही मार्ग काढतील, पण आपल्या केबलवाल्या पोराच्या आईला एक दाखलासुद्धा उपयोगी पडणार नाही. मुले फार बिघडली आहेत असे म्हणणाऱ्यांसाठी एक आकडाही सांगण्यासारखा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात ५८ लाखांहून अधिक दखलपात्र गुन्हे नोंदले गेले, आणि त्यांत अल्पवयीनांवर आरोप असलेले ३०,५५५ होते.

माझी खरी तक्रार कायद्याच्या सौम्यपणाबद्दल किंवा कठोरपणाबद्दल नाही, ती वेळेबद्दल आहे. वय दिवसांनी मोजणारी ही व्यवस्था मुलाचा वेळ मोजत नाही. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर आणखी दोन महिने वाढवायचे, असे कलम १४ म्हणते. या मुलावर चोरीचे कलम ३७९ होते, त्याला कमाल तीन वर्षे शिक्षा, म्हणून तो किरकोळ अपराधांच्या गटात येत होता, आणि किरकोळ अपराधाची चौकशी वाढीव मुदतीतही पूर्ण झाली नाही तर ती तिथेच संपते, इतकी स्पष्ट तरतूद आहे. तारखा मात्र पडत राहिल्या. कधी पोलीस ठाण्याकडून कागद आले नाहीत, कधी आलेले कागद फक्त प्रौढांचे होते, कधी साक्षीदार नव्हता. प्रत्येक तारखेला आईचा एक खाडा आणि दोघांचे एस.टी.चे तिकीट. मुलगा कोणत्याही कामावर टिकेना, कारण महिन्यातून एकदा कुठे जातोस याचे उत्तर त्याला मुकादमाला देता येत नसे. १ जून २०२२ ला तो रजिस्टरप्रमाणे अठरा वर्षांचा झाला, तरी चौकशी बालक म्हणूनच पुढे चालते, त्यामुळे कागदावर तो लहानच राहिला आणि बाहेर मात्र कोणी त्याला लहान मानले नाही. सोळा-सतराव्या वर्षीचे एक वर्ष आणि चाळिशीतले एक वर्ष यांची लांबी सारखी नसते. त्या वर्षात मूल एक तर शाळेत परत जाते, नाही तर कायमचे बाहेर पडते. अखेर विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेल्या तरुण वकीलबाईंनी कलम दाखवून अर्ज दिला आणि चौकशी समाप्त झाली. सहा महिन्यांच्या जागी चौदा महिने लागले होते.

या चौदा महिन्यांत एक माणूस पूर्णपणे बाहेर राहिला, तो म्हणजे ज्याची केबल गेली तो शेतकरी. त्याला दाखल्याचे कळले नाही, हमीपत्राचे कळले नाही, चौकशी संपल्याचेही कळले नाही. पोर सुटले एवढेच गावात ऐकून त्याने मला बाजारच्या दिवशी अडवले आणि विचारले, "गुरुजी, माझं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मंडळाला समुपदेशन, समाजसेवा, दंड असे अनेक आदेश देता येतात, पण नुकसान झालेल्या माणसासमोर त्या मुलाला बसवून, तुझ्यामुळे याचे काय झाले ते ऐक, असे सांगणारी वेळ त्या चौदा महिन्यांत कोणी आणली नाही. तसे झाले असते तर त्या मुलाला परिणाम म्हणजे काय ते कोणत्याही मूल्यमापनाशिवाय कळले असते, असे मला मनापासून वाटते. पुढे दिवाळीत मुलगा स्वतःच त्या शेतकऱ्याच्या रानात दोन दिवस भांगलणीला गेला. पैसे घेतले नाहीत. कोणी पाठवले नव्हते.

समुपदेशनाच्या वेळी मंडळातील बाईंनी त्याला सतरा नंबरच्या फॉर्मची माहिती दिली होती. त्याने बाहेरून दहावी दिली आणि दुसऱ्या प्रयत्नात, गणितात काठावर, पास झाला. गेल्या वर्षी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सुरक्षारक्षकाची जागा निघाली, तिथे पोलिसांची चारित्र्य पडताळणी मागितली. कायदा म्हणतो, की मुलाला त्या प्रकरणामुळे कोणतीही अपात्रता येणार नाही आणि ठरलेल्या काळानंतर नोंदी नष्ट कराव्यात. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातील एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली, अल्पवयातील आरोपावरून नोकरी नाकारता येणार नाही, असे सांगितले आहे. पण एक अडचण कोणाच्या लक्षातच आलेली नाही. मुलाची चौकशी प्रौढांबरोबर चालवता येत नाही, ती वेगळी करतात, मात्र फिर्याद एकच असते. प्रौढांचा खटला अजून चालू आहे, आणि त्या फिर्यादीत आरोपी क्रमांक तीन म्हणून याचे नाव, वय वर्षे एकोणीस असे, जसेच्या तसे आहे. पडताळणीचा शेरा आला: गुन्हा दाखल.

आम्ही पुन्हा अर्ज केला आहे. सोबत मंडळाच्या आदेशाची प्रत, वकीलबाईंचे पत्र आणि वयाचा पुरावा जोडायचा होता, म्हणून मी शाळेत गेलो. नव्या मुख्याध्यापिकांनी रजिस्टर काढून दिले, त्या पानाची प्रत काढली, सही-शिक्का केला. झेरॉक्समध्ये पुराची रेघ काळी उमटली आहे, तारखेच्या लगेच खाली. सोमवारी तो ती घेऊन जाणार आहे. त्याने मला सोबत या म्हटले, आणि मी जाणार आहे.